नियम कोणी लिहावेत?

1905 च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील ब्रॉक्टन येथे पादत्राणांच्या एका कारखान्यातील बॉयलर फुटला आणि 58 जणांचा बळी गेला. या दुर्घटनेनंतर मॅसॅच्युसेट्स राज्याने 1907 मध्ये बॉयलरविषयक कायदा केला. पुढे, 1880 मध्ये स्थापन झालेल्या तेथील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने देशभर लागू पडेल अशी बॉयलर-संहिता सिद्ध केली. तिची 1914 ची आवृत्ती ही पहिली होय. 1963 मध्ये त्या संहितेत अणुभट्टीच्या पात्रांसाठी स्वतंत्र विभागाची भर पडली आणि 1971 मध्ये सरकारने ती अणुवीज केंद्रांना बंधनकारक केली.

म्हणजे अणुभट्टीचे पोलाद किती जाड असावे, सांधा कसा तपासावा, हे विधिमंडळाने नव्हे, तर अभियंत्यांच्या स्वयंसेवी समित्यांनी ठरविले. यात गैर काही नाही. पोलादाच्या सांध्यातील दोष बहुमताने ओळखता येत नाहीत. तेथे तज्ज्ञच हवा. परंतु हा तज्ज्ञ बहुधा त्याच उद्योगाच्या नोकरीत असतो, आणि खरी मेख येथेच आहे.

ही शंका काल्पनिक नाही. बॉयलरमधील पाणी कमी होताच इंधन तोडणारे एक नवे उपकरण हायड्रोलेव्हल या लहान कंपनीने बाजारात आणले. प्रतिस्पर्धी कंपनीचा एक अधिकारी याच संस्थेच्या उपसमितीवर होता. 1971 मध्ये संहितेचा अर्थ सांगणारे एक पत्र संस्थेच्या नावे निघाले आणि ते नव्या उपकरणाविरुद्ध वापरले गेले. 1982 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यासाठी संस्थेलाच जबाबदार धरले. ज्या संस्थेच्या शब्दाला कायद्याचे वजन येते, तिला त्या शब्दाच्या दुरुपयोगाचे उत्तरदायित्व टाळता येणार नाही, हा या निकालाचा मथितार्थ होय.

तो वाद बाजारपेठेचा होता. अणुभट्टीच्या बाबतीत प्रश्न भोवतालच्या वस्तीच्या जीविताचा असतो. म्हणूनच नियम लिहिणारा कोणाच्या सेवेत आहे, हे जाहीर असले पाहिजे. सरकारपाशीही त्या नियमांची छाननी करू शकणारे स्वतःचे अभियंते हवेत. अमेरिकेचा अणुनियामक आयोग ही संहिता स्वतःच्या अटी घालूनच स्वीकारतो, ही पद्धत अनुकरणीय आहे. तज्ज्ञाचा आदर अवश्य करावा. पण त्याच्या हाती लेखणी देऊन समाजाने डोळे मिटून घ्यावेत, हे लोकशाहीला शोभणारे नाही.