उडत्या खारींचा हिवाळा

खार म्हटली की दिवसा झाडावरून सरसर उतरणारा चपळ प्राणी डोळ्यांपुढे उभा राहतो. उडती खार ही त्याच कुळातील, परंतु निशाचर होय. आपल्या सह्याद्रीच्या घनदाट अरण्यांतही तिची एक मोठी जाती आढळते. येथे मात्र तिच्या उत्तर अमेरिकेतील लहान भगिनींचा विचार करावयाचा आहे. कारण हिमाच्छादित अरण्यात हिवाळा कंठण्याची त्यांची रीत मोठी विलक्षण आहे.

‘उडती’ हे विशेषण तसे यथार्थ नव्हे. तिला पंख नसतात. मनगटापासून घोट्यापर्यंत दोन्ही बाजूंस लवचिक त्वचेचा पडदा असतो, व मनगटाशी असलेली कूर्चेची बारीक काडी त्याची रुंदी वाढविते. उंच फांदीवरून झेप घेताना हातपाय पसरले की हा पडदा ताणला जातो व खार तिरकस तरंगत खाली येते. चपटे शेपूट तोल सावरते. बुंध्यावर टेकताच ती चटकन पलीकडच्या बाजूस पळते. पाठीशी घुबड असेल तर एवढ्यावरच तिचा जीव वाचतो!

दक्षिणी जातीच्या खारीचे वजन अवघे 50 ते 80 ग्रॅम असते. वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असल्यामुळे अशा देहातील उष्णता झपाट्याने निघून जाते. असे असूनही ही खार मार्मोटाप्रमाणे महिनोन्महिने शीतनिद्रा घेत नाही. फारच कडाका पडला तर ती बाहेर पडणे कमी करते, इतकेच. शरद ऋतूत ओक व हिकरी वृक्षांची कठीण कवचाची फळे साठवून ठेवणे हा तिचा पहिला उपाय. दुसरा उपाय सहवासाचा. उन्हाळ्यात पिले असलेली मादी आपल्या ढोलीजवळ दुसरीस फिरकू देत नाही. तीच हिवाळ्यात दहा-वीस खारींच्या घोळक्यात अंगाला अंग भिडवून झोपते. सहा खारी एकत्र राहिल्यास प्रत्येकीच्या ऊर्जेची सुमारे एक तृतीयांश बचत होते, असे प्रयोगांती आढळले आहे. जुना पोकळ वृक्ष लाकूडतोड्याच्या दृष्टीने निरुपयोगी. या प्राण्यांचे मात्र तेच सर्वस्व.

तरीही धान्याचे कोठार रिते असेल तर ऊब पुरत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात 1994 ते 2003 या काळात सौम्य हिवाळ्यांमुळे ही जाती सुमारे 200 किलोमीटर उत्तरेकडे सरकली होती. 2003 मध्ये ओकची फळे धरली नाहीत, पाठोपाठ कडक हिवाळा आला, आणि 2004 मध्ये तिला माघार घ्यावी लागली.

उत्तरी जातीची खार थोडी मोठी असते. भूमीखाली वाढणारी कवके व झाडांवरील शैवाक हे तिचे मुख्य अन्न. ही कवके वृक्षांच्या मुळांशी सहजीवन करतात व त्यांचे बीजाणू खारीच्या विष्ठेतून अरण्यभर पसरतात. म्हणजे अरण्य खारीला पोसते व खार अरण्याला. या जातीची ॲपलाचिअन पर्वतावरील कॅरोलिना उपजाती 1985 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. दक्षिणी खारीच्या आतड्यात एक सूत्रकृमी असतो. तिला त्याची फारशी बाधा होत नाही, उत्तरी खारीस मात्र तो घातक ठरू शकतो. हा कृमी थंडीत तग धरीत नाही. यास्तव पर्वतमाथ्यावरचा कडक हिवाळा हेच आजवर तिचे संरक्षण होते. हिवाळे सौम्य होत चालले आहेत, आणि दक्षिणी खार वरच्या उतारांकडे सरकू लागली तर या दोघी एकाच ढोलीत भेटण्याचा संभव वाढतो.