काचेची भट्टींतील कसोटी

काचेच्या थंड पेल्यांत उकळता चहा ओतला कीं पेला तडकतो, हा अनुभव घरोघरीं आहे. पेल्याचा आंतला भाग तापून फुगतो, बाहेरचा थंडच राहतो, आणि या ओढाताणींत काच फुटते. वेगवेगळ्या रंगांच्या काचा भट्टींत वितळवून एकजीव केलेल्या तबकांतहि अशीच ओढाताण दडलेली असूं शकते. पेला तत्क्षणीं फुटतो. असें तबक मात्र कधीं कधीं महिन्याभरानें, कोणी हातहि लावला नसतां, मेजावर ठेवल्या ठिकाणींच दुभंगतें.

याचें मूळ काचेच्या प्रसरणांत आहे. या कलेंत वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या काचेचा प्रसरणांक 90 धरतात. म्हणजे उष्णता एक अंश सेंटिग्रेडनें वाढली कीं ती काच आपल्या लांबीच्या एक कोटी भागांस 90 भागांनीं वाढते. दुसऱ्या एका प्रकारचा अंक 96 आहे. सुमारें 500 अंशांपासून खोलीच्या उष्णतेपर्यंत निवतांना 30 सेंटिमीटर लांबीची पहिली पट्टी सुमारें 1.3 मिलिमीटरनें आखडते, आणि दुसरी तिच्याहून सुमारें 0.09 मिलिमीटरनें अधिक. हा फरक जेमतेम एका केसाच्या जाडीचा; पण एकमेकींस घट्ट चिकटलेल्या काचांना तेवढीहि मोकळीक नसते.

मग समान अंकाच्या काचा घेतल्या कीं काम भागलें, असें कोणासहि वाटेल. परंतु अमेरिकेंत ऑरेगॉन राज्यांतील पोर्टलंड शहरीं 1974 मध्यें स्थापन झालेली बुल्सआय ही काच बनविणारी कंपनीच सांगते कीं, केवळ अंकावर विसंबूं नये. काच एकदम गोठत नाहीं. मधासारखी दाट होत होत ती घट्ट होते, आणि कोणती काच किती अंशांवर किती दाट होईल हें तिच्यांतील द्रव्यांवर अवलंबून असतें. म्हणून परीक्षा प्रत्यक्षच घ्यावी लागते. पारदर्शक काचेच्या पट्टीवर रंगीत काचेचा तुकडा ठेवून दोन्ही एकजीव करतात, सावकाश निववितात, आणि प्रकाशाचें ध्रुवण करणारे दोन पडदे एकमेकांस आडवे धरून त्यांच्यामध्यें ती पट्टी पाहतात. तुकड्याभोंवतीं उजेडाची कड दिसली तर आंत ताण आहे. अंधारच राहिला तर जोडी जमली.

परंतु तबक एका भट्टींत क्वचितच पुरें होतें. सुमारें 800 अंशांवर काचा एकजीव होतात. मग नवी नक्षी चढवून पुन्हां भट्टी. शेवटीं सांच्यावर वांकविण्यासाठीं सुमारें 650 अंशांवर आणखी एकदां. प्रत्येक वेळीं काच थोडीफार बदलूं शकते. कांहीं दुधी काचांचा अपारदर्शकपणा फ्लोरिनच्या संयुगांच्या सूक्ष्म कणांमुळें येतो. उष्णतेंत ते कण वाढले कीं उरलेल्या काचेची घडण बदलते, आणि तिचें प्रसरणहि. पहिल्या भट्टींत जुळलेली जोडी चौथ्या भट्टींत बिनसते, ती अशी.

दोष मात्र दर वेळीं जोडीचाच नसतो. पहिल्या भट्टींत सुट्या पातळ काचा असतात. दुसरींत जाते ती एक जाड लादी. ती सावकाश तापविली नाहीं तर पेल्यासारखीच तडकते. निववितांनाहि तोच नेम. बुल्सआयच्या कोष्टकाप्रमाणें 12 मिलिमीटर जाडीची काच 482 अंशांवर 2 तास, आणि 25 मिलिमीटरची 4 तास थोपवून धरावी लागते. त्यानंतर पहिली तासाला 55 अंशांनीं, तर दुसरी अवघ्या 15 अंशांनीं निववावयाची.

तडा पाहून कारण बहुधा ओळखतां येतें. त्याच्या कडा गोलावल्या असतील तर काच तापतांना तडकली; धारदार असतील तर निवतांना किंवा नंतर; आणि तडा रंगांच्या सीमेवरूनच गेला असेल तर जोडी विजोड असल्याचा संशय घ्यावा. हें निदान महत्त्वाचें, कारण विजोड काचा कितीहि हळू निवविल्या तरी त्यांचा ताण जात नाहीं, आणि जुळत्या काचा घाईनें निवविल्या तर त्याहि फुटतात. म्हणून जाणता कारागीर चांचणीचा एक तुकडा मूळ कामाबरोबर तितक्याच वेळां भाजतो, आणि कित्येक दिवसांची मेहनत पुन्हां आगींत लोटण्यापूर्वीं तो तुकडा उजेडासमोर धरून पाहतो.