प्रतिभेचे मुद्दल

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि उरणचा किनारा मुंबईच्या मैदानांच्या हाकेच्या अंतरावर आला. या पट्ट्यात हिवाळ्यात गावोगावी टेनिस चेंडूचे सामने रंगतात. रोख रकमा, प्रसंगी मोटारसायकलही बक्षीस लागते. सहज षटकार ठोकणाऱ्या मुलांची येथे वानवा नाही. ही मुले पुढे का जात नाहीत, या प्रश्नाला "मुंबई दूर पडते" हे एक सोयीचे उत्तर होते. ते आता पुरेसे नाही. संधी हाती आल्यानंतरही गुणांचे मातेरे कसे होऊ शकते, हे विनोद कांबळीच्या कारकिर्दीने दाखवून दिले आहे.

१९८८ साली हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तीत तेंडुलकरच्या ३२६, तर कांबळीच्या ३४९ धावा होत्या. गुरू एकच, रमाकांत आचरेकर. १९९३ मध्ये कांबळीने लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ व २२७ धावा काढल्या आणि अवघ्या १४ डावांत हजाराचा टप्पा ओलांडला. परंतु १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांनी उसळत्या चेंडूपुढील त्याची उणीव उघडी पाडली. नोव्हेंबर १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो शेवटची कसोटी खेळला. १७ कसोटी, सरासरी ५४.२० : हे आकडे अपयशाचे नव्हेत, अर्ध्यावर सोडलेल्या डावाचे आहेत.

निवड समितीने त्याच्या बाबतीत घाई केली, असे म्हणणारे आहेत. त्यात तथ्यही असेल. एकदिवसीय संघाचे दार मात्र त्याच्यासाठी २००० पर्यंत पुनःपुन्हा उघडले गेले. उणीव कोणात नसते? जानेवारी २००४ मध्ये सिडनीला तेंडुलकरने घात करणारा कव्हर ड्राइव्ह जवळजवळ वर्ज्य केला आणि नाबाद २४१ धावा काढल्या. आपल्या आवडत्या फटक्याला नकार देण्याची ही तयारी म्हणजेच वृत्ती. कांबळीच्या बाबतीत खेळाहून मैदानाबाहेरच्या बेशिस्तीचीच चर्चा अधिक होत गेली.

प्रतिभा हे मुद्दल आहे. सराव आणि संयम यांत ते गुंतवले तरच वाढते. न्हावा शेवा परिसराला हे वेगळे सांगावयास नको. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील शेतकरी जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी लढले. पाच जण हुतात्मा झाले. एवढ्या मोलाने मिळालेला पैसा काही घरांत शिक्षणात आणि व्यवसायात रुजला. काही घरांत गाड्यांत आणि लग्नाच्या थाटात विरला. रक्कम सारखीच असली, तरी वृत्तीने फळ वेगळे दिले.

दोष केवळ तरुणांना देऊन भागणार नाही. एका संध्याकाळच्या फटकेबाजीला मोटारसायकल देणारा समाज पहाटेच्या सरावाला काय देतो? सामने भरविणाऱ्या मंडळांनी बक्षिसाचा काही भाग कायम प्रशिक्षक आणि चामडी चेंडूची खेळपट्टी यांसाठी राखून ठेवावा. टाळी आणि रोकड यांच्याआधी मुलांना शिस्तीची सवय लागली, तरच पुलापलीकडे गेल्यावर ती टिकतील.