अर्धे राहिलेले गाणे

पाचगणीच्या शाळेत वाढलेला एक पारशी मुलगा जगप्रसिद्ध गायक झाला आणि ४५ व्या वर्षी जग सोडून गेला. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी त्याच्या सोबत्यांनी त्याचा शेवटचा अल्बम पूर्ण केला. गेलेल्या माणसाचे अपुरे काम कसे हाती घ्यावे, हे त्या अल्बममधून आजही शिकण्यासारखे आहे.

गेल्या दिवाळीत मी खुर्सीपारला घरी गेले, तेव्हा काकूने काकांचे कपाट आवरायला काढले होते. काकांना जाऊन वर्ष होत आले होते. भंगारवाला दारात उभा होता आणि कॅसेटींनी भरलेला पत्र्याचा डबा त्याच्या गाडीवर चढण्याच्या बेतात होता.

"तुला यातले काही हवे आहे का ग? वाजवायला टेपसुद्धा राहिला नाही आता," काकू म्हणाली.

मी डब्यातून एक कॅसेट आणि तिच्याखाली ठेवलेली वही उचलली. कॅसेट होती 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडची, 'मेड इन हेवन'. हा अल्बम ६ नोव्हेंबर १९९५ रोजी प्रसिद्ध झाला. तेव्हा मी पाच वर्षांची होते. काकांनी ती कॅसेट मुंबईहून आणली होती. भिलाईच्या कारखान्यातून नाइट ड्यूटी करून ते सकाळी घरी येत, चहाचा कप हाती घेत आणि टेप लावत. आजी वैतागून म्हणायची, "सकाळी सकाळी हा काय आरडाओरडा!" त्यावर काकांचे उत्तर ठरलेले असे, "आई, हा परका नाही. आपल्या पाचगणीचा पोरगा आहे."

आसपासची मराठी घरे बहुतेक नागपूर-भंडाऱ्याकडची होती. आमचे आजोबा मात्र वाईहून नोकरीसाठी इथे आलेले. वाईहून पसरणीचा घाट चढला की पाचगणी. त्यामुळे काकांच्या लेखी फ्रेडी मर्क्युरी हा जवळजवळ शेजारीच होता.

फारूखचा फ्रेडी झाला

काकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. फ्रेडीचे खरे नाव फारूख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार बेटावर. आईवडील पारशी, घराण्याचे मूळ गुजरातमधल्या वलसाडचे. वडील तिथे इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. आठ वर्षांच्या या मुलाला त्यांनी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात पाठवले. तिथे तो पियानो शिकला, तिथेच त्याला 'फ्रेडी' हे नाव मिळाले आणि बाराव्या वर्षी त्याने शाळासोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंबाला इंग्लंड गाठावे लागले. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासोबत 'क्वीन' उभा राहिला. वर्षभराने जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गाण्याने आणि १९८५ मध्ये वेम्बली स्टेडियमवर झालेल्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमाने या चौघांना जगभर नेले.

मागे राहिलेला आवाज

फ्रेडीला एड्स झाला होता. त्या काळी या आजाराचे नाव घेतले तरी लोक दूर सरकत. सोबत्यांनी ही गोष्ट बाहेर फुटू दिली नाही. १९९१ च्या आरंभी 'इन्युएन्डो' हा अल्बम आला आणि त्यानंतरही, अंगात त्राण असेपर्यंत, फ्रेडी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत जाऊन गात राहिला. त्याचे सोबत्यांना सांगणे असे की, मला गायला काहीतरी द्या, मी गाऊन ठेवतो, बाकीचे तुम्ही नंतर पुरे करा. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपला आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला.

मागे राहिल्या त्या ध्वनिफिती. तेवढ्याने अल्बम भरणार नव्हता. म्हणून तिघांनी जुनेही धुंडाळले. पहिल्या गाण्याचा धागा १९८० मध्ये म्युनिकला फ्रेडीने सहज पियानोवर वाजवलेल्या तुकड्याचा. दोन गाणी १९८५ च्या त्याच्या स्वतंत्र अल्बममधली, त्यांत त्याचा आवाज तसाच ठेवून बँडने वाद्ये नव्याने वाजवली. त्यामुळे सारीच गाणी शेवटच्या दिवसांतली आहेत, असे समजून ऐकणाऱ्याचा थोडा विरस होईल. काही गाणी इतरांच्या मानाने फिकी आहेत, हेही मान्य केले पाहिजे. तरीही अल्बम सलग ऐकताना तो ठिगळांचा वाटत नाही. 'लेट मी लिव्ह'मध्ये फ्रेडी, रॉजर आणि ब्रायन आळीपाळीने गातात, तेव्हा कोण हयात आहे आणि कोण नाही, याचा क्षणभर विसर पडतो.

शेवटचे कडवे

माझ्या मते या अल्बमचा प्राण 'मदर लव्ह' या चौथ्या गाण्यात आहे. मे १९९१ मध्ये फ्रेडीने ते गायला घेतले. उभे राहणेही कठीण झालेले, पण आवाज मात्र भरलेला. शेवटचे कडवे उरले तेव्हा तो थकला. थोडी विश्रांती घेऊन परत येतो, असे म्हणाला. तो परत आलाच नाही. ते कडवे ब्रायन मे गायला.

ब्रायनने फ्रेडीची नक्कल केली नाही. त्याचा आवाज साधा, काहीसा हळवा. ऐकणाऱ्याला लगेच कळते की इथे माणूस बदलला. ही जागा झाकण्याचा प्रयत्नच केलेला नाही. मित्राची उणीव त्यांनी लपवली नाही आणि त्याचे गाणेही अर्धे टाकले नाही. गाण्याच्या शेवटी वेम्बलीच्या गर्दीचा घोष येतो, 'क्वीन'च्या साऱ्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे वेगाने सरकतात आणि एका तान्ह्या बाळाचे रडणे ऐकू येते. आयुष्य उलटे फिरत जन्माशी जाऊन पोचावे तसे.

काकांची वही

आता त्या वहीविषयी. लहानपणी मला इंग्रजी कळत नसे. म्हणून काका एकेक गाणे कान देऊन ऐकत आणि ते कशाबद्दल आहे, हे चारपाच ओळींत मराठीत लिहून ठेवत. एका पानावर एक गाणे. नऊ पाने भरली. मग माझ्या परीक्षा आल्या, पुढे मी शिकायला नागपूरला गेले आणि ते राहूनच गेले. दहाव्या पानावर काकांच्या ठसठशीत अक्षरात फक्त मथळा आहे, 'अ विंटर्स टेल'. खाली पान कोरे.

हे गाणे फ्रेडीने माँत्रोच्या सरोवराकाठी रचले. मृत्यू जवळ आल्याचे ठाऊक असूनही त्यात तक्रार नाही. समोर दिसणाऱ्या हिवाळ्याच्या शांत देखाव्याकडे तो कौतुकाने पाहतो.

त्या रात्री मी मोबाइलवर गाणे लावले आणि काकूजवळ बसून दहावे पान लिहिले. काकांचे अक्षर गिरवण्याचा मोह झाला होता, पण मी माझ्याच वेड्यावाकड्या अक्षरात लिहिले. काकूने चष्मा लावून ते वाचले आणि म्हणाली, "त्यांना इतके साधे लिहिता आले नसते. पण आवडले असते."

तुमच्याही घरात असे काही पडून असेल. सासूबाईंचा अर्धा विणलेला स्वेटर असेल, वडिलांनी सुरू केलेली आठवणींची वही असेल. भंगारात देण्यापूर्वी एकदा हाती घेऊन पाहा. टाका वेगळा पडेल, अक्षर वेगळे दिसेल. दिसू द्या.

कॅसेटचा डबा त्या दिवशी भंगारात गेला नाही. काकूने तो पुन्हा कपाटात ठेवला आणि मला सांगितले, "पुढच्या वेळी येशील तेव्हा कुठून तरी टेप घेऊन ये."