पट्टीशिवाय खोके
लातूरच्या गंजगोलाईतून फुटणाऱ्या 16 रस्त्यांपैकी कोणत्याही रस्त्याकडे पाहा. दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या कडा दूरवर जवळ येताना दिसतात. तरीही लातूर-नांदेडात इंटरमिजिएट किंवा आर्किटेक्चर प्रवेशाची तयारी करणारी नवशिकी मुले खोक्याची मागची कड पुढच्याएवढीच काढतात, कधी मोठीसुद्धा. दोष डोळ्यांचा नाही. समोरासमोरच्या कडा सारख्याच असतात हे मेंदूला ठाऊक असते, म्हणून तो दिसलेले परस्पर 'दुरुस्त' करतो.

थरथरत्या रेषेचे कारण वेगळे. हळू रेष ओढताना डोळा चूक टिपतो आणि हात ती सुधारतो. पण हा निरोप सेकंदाचा काही भाग उशिरा पोहोचतो आणि रेष नागमोडी होते. मनगट टेकले तर हात कंपाससारखा फिरून ती वाकते. म्हणून दोन टोकांना ठिपके द्या, खांद्यातून हात हवेतच दोन-तीनदा फिरवा आणि मग एका दमात रेष ओढा. चुकली तरी गिरवू नका. (गिरवण्याची सवय पहिलीपासूनची, सहज सुटत नाही.)

पान भरले की मागे जाणाऱ्या कडा रंगीत पेन्सिलीने, आता मात्र पट्टी लावून, वाढवा. एखादी कड इतरांपासून फाकत असेल, तर पुढच्या खोक्यात आधी तीच बघा.