शाळेसाठी राखीव
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शहराच्या कडेला नवी वसाहत उभी राहिली की तिच्यात एक मोकळा भूखंड हमखास असतो. भोवती तारेचं अर्धवट कुंपण, आत माजलेलं गवत, त्यात चरणारी एखादी म्हैस आणि कोपऱ्यात गंजलेली पाटी : 'ही जागा माध्यमिक शाळा व क्रीडांगणासाठी राखीव आहे.' त्या पाटीच्या भरवशावर कितीतरी जणांनी तिथे घर घेतलेलं असतं. 'शाळा काय, समोरच होणार आहे,' असं घर विकणाऱ्यानं सांगितलेलं असतं आणि घेणाऱ्यानं ते सगळ्या पाहुण्यारावळ्यांना सांगितलेलं असतं. पुढे मुलं मोठी होतात. म्हैस तिथेच चरत राहते. आणि एक दिवस वसाहतीत वाद सुरू होतो : शाळा इथे व्हावी, तिथे व्हावी, की होऊच नये?

माझी नोकरी नगररचनेच्या कामात गेली. निवृत्त झालो तरी लोक नकाशाची गुंडाळी काखेत मारून घरी येतात. अशीच एका वसाहतीतली मंडळी आली होती. त्यांच्यात तीन तट पडले होते. भूखंडाला लागून ज्यांची घरं, ते म्हणत होते की हजार मुलांची शाळा झाली तर सकाळ-संध्याकाळ रिक्षा आणि व्हॅन आमच्या फाटकात उभ्या राहणार, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडता येणार नाही. शाळा नाल्यापलीकडच्या जागेवर न्या, इथे बाग करा. पलीकडच्या भागातले म्हणत होते की नाल्याला पावसाळ्यात पाणी येतं, तिथे मुलांना कसं पाठवायचं? तिसरा तट पाचवी-सहावीतल्या मुलांच्या आईबापांचा. त्यांचं म्हणणं एवढंच, की कुठेही करा, पण करा.

तिघांचंही बोलणं खोटं नव्हतं. म्हणून तर असे वाद लवकर मिटत नाहीत. ते समजून घ्यायचे, तर शाळेची जागा मुळात ठरते कशी इथून सुरुवात करायला हवी.

आपल्याकडे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदा आहे. त्यानुसार शहराचा विकास आराखडा तयार होतो. आधी आज कुठल्या जमिनीवर काय आहे त्याचा नकाशा करतात. मग पुढच्या वीसेक वर्षांत किती माणसं राहायला येतील याचा अंदाज बांधतात आणि त्या माणसांना किती शाळा, किती दवाखाने, किती बागा लागतील त्याचा हिशेब मांडतात. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साडेसात हजार लोकवस्तीमागे सहावी ते बारावीची एक शाळा धरली आहे. तिला जागा सांगितली आहे १.८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेचार एकर. त्यातली एक हेक्टर निव्वळ मैदानाला, आणि ते मैदान किमान ६८ मीटर बाय १२६ मीटर असावं अशी अपेक्षा आहे.

आता लक्षात येईल की भांडण बालवाडीवरून होत नाही, हायस्कूलवरूनच का होतं. बालवाडी एखाद्या बंगल्यातही भरते. हायस्कूलला मैदान लागतं, रुंद रस्ता लागतो आणि सलग साडेचार एकर लागतात. दाट वस्तीत एवढा तुकडा मिळत नाही, मग आरक्षण पडतं वसाहतीच्या कडेला, कुणाच्या तरी शेतावर.

दुसरीही एक गोष्ट आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पण तो सहा ते चौदा वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. नववी-दहावीला या कायद्याचा आधार नाही. ज्या वयात मुलीला लांब पाठवायचं की नाही याचा घराघरांत विचार सुरू होतो, नेमकी त्याच वयाची शाळा आराखड्यातल्या त्या एका तुकड्यावर अवलंबून राहते.

आराखड्याचं प्रारूप तयार झालं की ते राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर होतं आणि हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. मग नियोजन समितीपुढे सुनावणी होते. महापालिका असेल तर या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले, चारपर्यंत जाणकार असतात. त्यानंतर आराखडा शासनाच्या मंजुरीला जातो. शाळेची जागा बदलून घ्यायची खरी वेळ ती असते. आणि गंमत अशी, की त्या वेळी वसाहत बहुधा अस्तित्वातच नसते! तिथे ज्वारी उभी असते. हरकत घेतो तो जमिनीचा मालक. शाळा हवी असं सांगायला तिथे कुणी नसतं, कारण ती मुलं अजून जन्मायची असतात.

ज्या शहरात लोक जागे असतात तिथे हरकतींनी मोठी कामं होतात, हेही सांगायला हवं. मुंबईच्या आराखड्याचं प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झालं. त्यावर हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिल २०१५ मध्ये ते प्रारूप मागे घेऊन नव्याने करावं लागलं. तेव्हा 'आपल्या एका अर्जानं काय होणार' असं म्हणू नये.

आता त्या गंजलेल्या पाटीकडे वळू. 'राखीव' या शब्दाचा अर्थ पुष्कळांना 'सरकारची झाली' असा वाटतो. तसं नसतं. राखीव म्हणजे मालकाला तिथे दुसरं काही बांधता येणार नाही, एवढंच. जमीन मालकाचीच राहते. ती ताब्यात घ्यायला कायद्याच्या कलम १२६ मध्ये तीन वाटा आहेत. मालकाशी करार करून पैसे द्यायचे, किंवा पैशाऐवजी जादा चटईक्षेत्र अथवा टीडीआर द्यायचा, किंवा शासनामार्फत सक्तीने भूसंपादन करायचं. या तिन्हींपैकी काहीच झालं नाही, तर पाटी ही फक्त पाटीच राहते.

आणि ती कायमची राहत नाही. त्याच कायद्याचं कलम १२७ सांगतं, की आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण आपोआप संपतं. मग शेजारच्या जमिनीवर जे चालतं ते मालकाला तिथे करता येतं, म्हणजे बहुतेक वेळा इमारती. ही नोटिशीची मुदत पूर्वी सहा महिने होती, नंतर एक वर्ष झाली, आणि २०१५ पासून चोवीस महिने आहे.

हा हिशेब मुलाच्या वयाशी लावून पाहा. आराखडा लागू झाला त्या वर्षी पहिलीत गेलेलं मूल दहा वर्षांनी दहावी संपवून बाहेर पडतं. तेव्हा कुठे मालकाला नोटीस द्यायचा हक्क मिळतो. वरचे चोवीस महिने धरले तर ते मूल बारावी होतं. एका पिढीची अख्खी शाळा उरकते, आणि जिच्यासाठी जागा ठेवली ती शाळा कागदावरच.

मालकाचीही बाजू आहे. ज्या जमिनीवर ना शेती परवडते ना बांधकाम करता येतं, ती त्यानं किती वर्षं सांभाळायची? सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात स्पष्ट केलं, की पालिकेनं नुसता ठराव केला किंवा पत्र पाठवलं म्हणजे 'पाऊल उचललं' असं होत नाही. संपादनाची खरी कारवाई दिसली पाहिजे. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका जमिनीचा निकाल लागला. ती १९९३ च्या आराखड्यात खासगी शाळेसाठी राखीव होती. तीन दशकं उलटली तरी संपादन झालं नव्हतं. न्यायालयानं आरक्षण संपल्याचं मान्य केलं. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पण त्या शाळेच्या आशेवर जे कुणी असतील, त्यांच्या हाती काय आलं?

माझ्याकडे आलेल्या मंडळींना मी पहिला प्रश्न विचारला तो हाच : तुमचा आराखडा अमलात कधी आला? तीन तटांपैकी एकालाही सांगता येईना. तारीख काढली तेव्हा आठवं वर्ष चालू होतं. दोन वर्षं त्यांनी एकमेकांविरुद्ध अर्ज करण्यात घालवली होती. असे अर्ज आले की फाईलवर 'स्थानिकांचा विरोध' असा शेरा पडतो आणि फाईल कपाटात जाते. तिथे तिचं काही बिघडत नाही. वर्षं मात्र मोजली जातात.

जागा बदलता येते का? येते, पण रीतसर. कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल करता येतो. त्याला जाहीर सूचना, हरकतींसाठी महिनाभर आणि शेवटी शासनाची मंजुरी लागते. बैठकीत हात वर करून बागेची शाळा किंवा शाळेची बाग होत नाही. दिल्लीच्या सरिता विहार वसाहतीचा दाखला या बाबतीत फार बोलका आहे. तिथे बागेसाठी ठेवलेल्या जागेतून विकास प्राधिकरणानं एका बालशाळेला तुकडा दिला. रहिवासी न्यायालयात गेले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप रद्द केलं. शाळा हे चांगलं काम, म्हणून बागेची जागा घ्यावी असं त्यांनी मानलं नाही. मात्र तिथल्या मुलांचे एकाएकी हाल होऊ नयेत, म्हणून शाळेला दुसरी सोय पाहायला सहा महिने दिले. त्याआधी १९९१ मध्ये बंगळूरच्या राजमहाल विलास भागात बागेची जागा खासगी रुग्णालयाला दिली होती, तीही रहिवाशांच्या तक्रारीवरून न्यायालयानं परत बागेला दिली. आपल्या वसाहतीच्या आराखड्याबद्दल दाद मागायचा रहिवाशाला हक्क आहे, हे त्या निकालानं पक्कं झालं.

मोठ्या खासगी गृहप्रकल्पांत आणखी एक गुंता असतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे दोन हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा अभिन्यास मंजूर करताना पाच टक्के जागा सार्वजनिक सुविधांसाठी सोडावी लागते. माहितीपत्रकात त्यावर शाळेचं सुंदर चित्र असतं. पण 'सुविधा' म्हणजे शाळाच असं नाही. बाजार किंवा दवाखानाही होऊ शकतो. शाळा झाली तरी ती खासगी संस्थेची, तिची फी वेगळी, आणि समोर राहतो म्हणून आपल्या मुलाला प्रवेश मिळेलच असंही नाही. म्हणून चित्र पाहू नये, मंजूर अभिन्यासाचा नकाशा पाहावा.

अशा वादात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. ते सोडवून घेतले तर पुष्कळसं भांडण विरघळतं. पहिला, जागा कुठली? दुसरा, त्या जागेवर शाळेची मांडणी कशी? तिसरा, ती चालवणार कोण? फाटकात रिक्षा उभ्या राहतील ही तक्रार जागेबद्दलची वाटते, पण असते मांडणीबद्दलची. फाटक मोठ्या रस्त्याकडे काढलं, व्हॅन आवारातच थांबतील अशी सोय ठेवली आणि मैदान घरांच्या बाजूला ठेवलं, तर निम्मी अडचण जाते. संध्याकाळी ते मैदान वसाहतीलाही वापरू दिलं, तर बागेची मागणीही बरीचशी भागते. ही कलमं इमारतीचा नकाशा मंजूर होण्याआधी मागायची असतात. नाल्याच्या पाण्याची तक्रार मात्र खरोखर जागेबद्दलची आहे, आणि तिला उत्तर फाटक हलवून मिळत नाही. ती जागा मुलांसाठी नकोच.

त्या मंडळींनी शेवटी काय केलं? एकाच अर्जावर तिघांनी सह्या केल्या. त्यात लिहिलं की आहे तीच जागा संपादन करा, आराखड्याला दहा वर्षं अमुक तारखेला पूर्ण होतात. सोबत फाटकाबद्दलची मागणी आणि वसाहतीतल्या मुलांची इयत्तावार यादी जोडली. शाळा अजून उभी राहिलेली नाही, पण मोजणी झाली आहे. पाचवी-सहावीतली जी मुलं होती, ती शहरातल्या शाळेत व्हॅनने जाऊन शिकली. त्यांना या शाळेचा उपयोग होणार नाही, हे त्यांच्या आईबापांना ठाऊक होतं. सह्या गोळा करत सगळ्यात जास्त जिने तेच चढले.

आपल्या वसाहतीतही अशी पाटी असेल, तर नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा मागून घ्या. आराखडा कोणत्या तारखेला अमलात आला, जमीन कुणाच्या नावावर आहे आणि कलम १२७ ची नोटीस आली आहे का, या तीन गोष्टी लेखी विचारा. माहितीच्या अधिकारात त्या मिळतात. त्या हाती आल्यावर मग भांडायचं तर जरूर भांडा. निदान किती दिवस भांडता येईल ते तरी कळेल.