शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आणि त्याचें राजकारण



कॉलेजच्या शेवटच्या वर्षांत शिकणाऱ्या मुलामुलींचीं राजकीय मतें काय असतात, असा प्रश्न आपल्या घरांत निघाला, कीं त्याचें उत्तर बहुधा दोन प्रकारांनीं दिलें जातें. एक पक्ष म्हणतो, "यांना कसलें आलें आहे राजकारण! हातांतल्या फोनमधून मान वर निघेल तर ना?" दुसरा पक्ष म्हणतो, "आधीं परीक्षा होऊं दे, मग काय तें राजकारण." पहिल्या उत्तरांत तुच्छता आहे, दुसऱ्यांत काळजी आहे, परंतु या विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो, हें पाहण्याची तसदी दोघांनींही घेतलेली नसते. आज मी आपणांस तो दिवसच प्रथम दाखविणार आहें. कारण माझी अशी समजूत आहे, कीं त्याचीं मतें पुस्तकांत किंवा पुढाऱ्यांच्या व्याख्यानांत शोधण्यापेक्षां त्याच्या वेळापत्रकांत शोधलीं, तर लवकर सांपडतात.

पुण्याच्या सदाशिव पेठेंत किंवा नव्या पेठेंत ज्यांचीं घरें आहेत, त्यांच्या जिन्यावरून हा विद्यार्थी रोज दोनदां तरी जातो-येतो. तो परभणीकडचा असेल, बीडचा असेल, नाहीं तर सांगोल्याचा. कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षांत तो शिकतो. त्याची खोली कोठें आहे, असें विचारूं नये. त्याची 'कॉट' कोठें आहे, असें विचारावें. भाडें खोलीचें नसून कॉटचें असतें. दहा बाय बाराच्या खोलींत चार कॉटा, प्रत्येक कॉटेखालीं एक पेटी, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, आणि खिडकीच्या गजांना वाळत घातलेले कपडे, एवढा संसार. सकाळीं साडेसातच्या तासाला तो टपरीवर चहा घेऊन जातो. अकराच्या सुमारास कॉलेज सुटतें, तेथून तो खानावळींत येतो. चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक पातळ भाजी, वरण आणि भात. पैसे महिन्याचे आगाऊ द्यावयाचे. गांवीं गेल्यास किती खाडे धरावयाचे, यावर मालकाशीं दरमहा एक लहानशी लढाई व्हावयाची. रविवारीं दुपारीं 'फीस्ट' म्हणून एखादा गोड पदार्थ मिळतो, आणि त्याची भरपाई म्हणून कीं काय, रविवारीं रात्रीं खानावळ बंद असते. पुण्यांतील रविवारची रात्र म्हणजे काय, हें ज्याला वडापावावर निजावें लागतें, त्यालाच ठाऊक.

जेवण झालें कीं अभ्यासिका. आपल्यापैकीं पुष्कळांनीं या अभ्यासिका बाहेरून पाहिल्या असतील, आंत पाऊल टाकलें नसेल. फळ्यांनीं विभागलेलीं टेबलें, प्रत्येकावर एक दिवा, फोन भारण्यासाठीं एक जागा, आणि भिंतीवर मागील वर्षीं निवड झालेल्यांचीं छायाचित्रें. येथें बोलावयाचें नाहीं. विद्यार्थी येथें रात्रीं दहापर्यंत बसतो. परंतु तो पदवीचा अभ्यास करीत असतो असें समजूं नका. पदवीचा अभ्यास परीक्षेच्या आधीं तीन आठवडे करावयाचा असतो. येथें चालते ती स्पर्धापरीक्षेची तयारी. वर्तमानपत्र तो आपल्यापेक्षां अधिक बारकाईनें वाचतो, पण तें 'चालू घडामोडी' या विषयाची टिपणें काढण्यासाठीं. राज्यपालाचे अधिकार कोणत्या कलमांत आहेत, हें तो झोपेंतून उठवल्यास सांगेल. अधिकार नीट वापरले गेले कीं नाहीं, असें विचारलें, तर मात्र तो आपल्याकडे जरा चमकून पाहील. कारण या प्रश्नाला चार पर्याय दिलेले नसतात.

मग त्याला मत नाहीं काय? आहे, आणि तें चांगलें ठाम आहे. तें रात्रीं दहानंतर चहाच्या टपरीवर प्रकट होतें. दिवसभर घरून संदेश आलेले असतात. २०२४-२५ च्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारांत त्याहून कमी भाव मिळतो म्हणून शेतकरी त्रासले होते. शेतकऱ्याच्या मुलाला हा फरक अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून कळत नाहीं. या महिन्याचे खानावळीचे पैसे दहा दिवस उशिरां आले, यावरून कळतो. त्याच हंगामांत, २० नोव्हेंबर २०२४ रोजीं, विधानसभेसाठीं मतदान झालें. कोणाला मत दिलें हें त्यानें आपणांस सांगितलें नसेल, पण कोणत्या कारणानें दिलें याचा अंदाज करावयास फार विद्वत्ता लागत नाहीं.

आरक्षणाचा प्रश्न घ्या. चार कॉटांवर चार निरनिराळे दाखले असतात. एकाजवळ जातपडताळणीचें प्रमाणपत्र आहे, दुसऱ्याचें तालुक्याला अडकलें आहे, तिसरा २०१९ सालीं घटनेच्या १०३ व्या दुरुस्तीनें आलेल्या आर्थिक दुर्बलांच्या दहा टक्क्यांत बसतो, आणि चौथ्याच्या अर्जांतला रकाना तर कायद्याबरोबर हलत आला आहे. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा. त्याला ९ सप्टेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयाची स्थगिति. ५ मे २०२१ रोजीं तो रद्द. आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें दहा टक्क्यांचा नवा कायदा. सहा वर्षांचा हा इतिहास आपण मथळ्यांतून वाचला. त्यानें तो अर्ज भरतांना अनुभवला. आश्चर्य हें, कीं या चौघांत मारामारी होत नाहीं. रात्रीं वाद होतो, सकाळीं एकाच्या बादलींत दुसरा पाणी भरून ठेवतो. बाहेरच्या सभांत जें सौजन्य दिसत नाहीं, तें या खोलींत दिसतें, कारण येथें प्रतिपक्षाची अडचण डोळ्यांपुढें पेटी घेऊन बसलेली असते.

मुलींच्या बाबतींत शेवटच्या वर्षाला आणखी एक धार असते. वसतिगृहाचें दार संध्याकाळीं ठराविक वेळीं बंद होतें. म्हणजे अभ्यासिकेंतले शेवटचे दोन-तीन तास, आणि अर्थातच टपरीवरची ती चर्चाही, तिच्या वांट्याला येत नाहीं. शिवाय पदवीची तारीख ही तिच्या घरीं पुष्कळदां दुसऱ्याच एका मुहूर्ताची नांदी समजली जाते. सरकारनें जाहिरात वेळेवर काढावी, ही मागणी मुलगा नोकरीसाठीं करतो. मुलीला ती आणखी एक वर्ष शहरांत राहण्याच्या परवानगीसाठीं हवी असते.

खानावळीचें बिल आणि राजकारण यांचा संबंध जोडल्याबद्दल कोणी हंसेल, म्हणून अहमदाबादची एक गोष्ट सांगतों. डिसेंबर १९७३ मध्यें तेथील एल. डी. इंजिनियरिंग कॉलेजच्या वसतिगृहांत जेवणाचे दर वीस टक्क्यांनीं वाढले. धान्य आणि तेल महागलें होतें, हें कारण खरेंच होतें; परंतु तें महागलें कां, असें विद्यार्थ्यांनीं विचारलें, आणि तेथून 'नवनिर्माण' आंदोलन उभें राहिलें. ९ फेब्रुवारी १९७४ रोजीं मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला, आणि पुढें विधानसभाही विसर्जित झाली. ताटापासून मंत्रिमंडळापर्यंतचें हें अंतर दोन महिन्यांपेक्षां कमी वेळांत कापलें गेलें. आणि शेवटच्या वर्षांतला विद्यार्थी परीक्षेच्या धाकानें गप्प बसतो असें म्हणावें, तर पुण्याचीच १९०५ सालची होळी आठवावी. विदेशी कपड्यांची ती होळी करणाऱ्यांत पुढें असलेले विनायक दामोदर सावरकर हे तेव्हां फर्ग्युसन कॉलेजांत बी.ए.च्या परीक्षेच्या तोंडावर होते. दहा रुपये दंड झाला, वसतिगृह सोडावें लागलें; पदवी मात्र त्यांनीं त्याच वर्षीं मिळविली.

आतां आपल्या काळाकडे येऊं. राज्यसेवेची जी पूर्वपरीक्षा मुळांत ५ एप्रिल २०२० ला व्हावयाची होती, ती महामारीमुळें पुढें जात जात १४ मार्च २०२१ ला ठरली. परीक्षा तीन दिवसांवर आली असतां ती पुन्हां पुढें ढकलल्याचें जाहीर झालें. त्या दिवशीं अभ्यासिका रिकाम्या झाल्या आणि शास्त्री रस्ता भरला. ठराव नव्हता, निरोपही नीट गेला नव्हता. दुसऱ्या दिवशीं नवी तारीख मिळाली, आणि २१ मार्चला परीक्षा झाली. या विद्यार्थ्यांनीं त्यावरून एक धडा घेतला: अर्ज करून तारीख मिळत नाहीं, रस्त्यावर बसून मिळते. धडा चुकीचा आहे, असें म्हणण्याचा धीर मला होत नाहीं. परंतु तो अपुरा आहे, हें दोनच वर्षांत दिसून आलें.

२०२३ च्या आरंभीं प्रश्न निघाला तो परीक्षेच्या नव्या, वर्णनात्मक पद्धतीचा. ती ताबडतोब नको, २०२५ पासून लागू करा, म्हणून पुण्यांत विद्यार्थी रस्त्यावर बसले. तेव्हां दुसरे कांहीं विद्यार्थी म्हणूं लागले, कीं आम्हीं नव्या पद्धतीचीच तयारी केली आहे, ती आतांच लागू करा! दोघेही खरे विद्यार्थी, दोघांच्याही आयुष्याचीं दोन-दोन वर्षें पणाला लागलेलीं. आयोगानें फेब्रुवारीअखेर २०२५ ही मुदत मान्य केली. बहुसंख्य कोणत्या बाजूला होते? हें कोणालाही सांगतां येणार नाहीं, कारण तें मोजण्याचें साधनच विद्यार्थ्यांपाशीं नव्हतें. ज्यांचा आवाज मोठा, ते बहुसंख्य ठरले. माझ्या मतें या सगळ्या हकीकतींतली चिंतेची जागा ही आहे.

हें साधन पूर्वीं होतें. कॉलेजांतून थेट निवडणुका होत. त्यांत पैसा शिरला, गुंडगिरी शिरली. १९८९ सालीं मुंबईंत या वैमनस्यांतून एका विद्यार्थी-कार्यकर्त्याचा खून झाला, आणि पुढें १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानें वर्गांत ज्याला गुण अधिक, तो वर्गप्रतिनिधि, अशी व्यवस्था आली. उपाय समजण्याजोगा होता. पण पहा, गंमत कशी झाली! ज्या वर्षीं हा विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्गांत बसला, त्याच सुमारास त्याला अठरा वर्षें पूर्ण झालीं आणि १९८९ सालींच अमलांत आलेल्या ६१ व्या घटनादुरुस्तीप्रमाणें देशाचा पंतप्रधान कोणत्या पक्षाचा असावा, हें ठरविण्याचा अधिकार त्याला मिळाला. वाचनालय रात्रीं किती वाजेपर्यंत उघडें असावें, हें सांगणारा प्रतिनिधि निवडण्याचा अधिकार मात्र गुणपत्रिकेकडे गेला. २००६ सालीं लिंगडोह समितीनें या निवडणुकांना नियम घालून दिले. पांच हजार रुपयांची खर्चमर्यादा आणि पंचाहत्तर टक्के हजेरी, असे ते साधे नियम होते. महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यांत थेट निवडणूक पुन्हां लिहिली गेली. कायदा १ मार्च २०१७ पासून अमलांत आला, पण निवडणुकीची वेळ वर्षानुवर्षें पुढें जात राहिली. २०१९ चा जाहीर झालेला कार्यक्रमही पुढें गेला, आणि त्यानंतर महामारी आली.

निवडणुकींत जिंकणारा एकच असतो. बाकीच्यांना हरावें लागतें, आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गांत जाऊन बसावें लागतें. हें शिक्षण कोणत्याही विषयाच्या तासाला मिळत नाहीं. आमच्या या विद्यार्थ्यानें परीक्षेंत हरणें पुष्कळ पाहिलें आहे; मतदानांत हरणें, म्हणजे आपल्याहून निराळें मत अधिक लोकांचें आहे हें हात मोजून मान्य करणें, त्याला कोणीं शिकविलेलेंच नाहीं.

पदवी हातांत पडल्यावर काय होतें, तें तर आणखीच मौजेचें आहे. विद्यापीठांत असतांना ज्याला मत नव्हतें, तो बाहेर पडून नोंदणीकृत पदवीधर झाला, कीं अधिसभेच्या दहा जागांसाठीं मतदार होतो. घटनेच्या १७१ व्या कलमाप्रमाणें पदवीला तीन वर्षें झालीं, कीं विधानपरिषदेच्या पदवीधर मतदारसंघांतही त्याला नांव नोंदवितां येतें. महाराष्ट्रांत असे सात मतदारसंघ आहेत. ज्यांनीं २०२४-२५ सालीं नव्या शैक्षणिक धोरणाखालीं प्रवेश घेतला, त्यांना तीन वर्षांनीं पदवी घेऊन बाहेर पडावें, कीं चौथें वर्ष करून ऑनर्स घ्यावी, ही निवड आहे. चौथें वर्ष पत्करलें, तर ही तीन वर्षांची मुदतही तितकीच लांबते. अर्थात् या कारणानें कोणी चौथें वर्ष टाळील, असें नाहीं. चौथ्या वर्षाचें कॉटभाडें हें त्याहून बळकट कारण आहे.

राहतां राहिला मतदानाचा दिवस. पुष्कळांचीं नांवें गांवच्या यादींत असतात; एस.टी.चें भाडें आणि दोन दिवस खर्च करून कांहीं जातात, कांहीं जात नाहींत. वसतिगृहांत किंवा खानावळीच्या आधारानें राहणाऱ्या विद्यार्थ्याला गांवीं किंवा शिकतो त्या शहरांत, यांपैकीं कोठेंही एका ठिकाणीं नांव नोंदविण्याची मुभा निवडणूक आयोगानें दिलेली आहे. शहरांत नोंदवावयाचें, तर कॉलेजप्रमुखाचा दाखला अर्जासोबत लागतो. २०२२ पासून नोंदणीसाठीं वर्षांत चार तारखा धरल्या जातात: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांची पहिली. हा दाखला म्हणजे तेंच 'बोनाफाईड', जें तो बसच्या पाससाठीं आणि शिष्यवृत्तीसाठीं दरवर्षीं कार्यालयाच्या खिडकीशीं रांग लावून घेतो. अर्जावर एक ओळ असते: दाखला कोणत्या कारणासाठीं हवा. त्या ओळींत 'मतदारनोंदणीसाठीं' असें लिहितां येतें, हें त्याला ठाऊक नसल्यास, आपल्या जिन्यावर तो रोज दोनदां भेटतोच आहे.